कुरणावरची शाळा

‘याला अभ्यासाची गोडीच नाही, म्हणून हा मागे पडतो,’ असे आपण सहज म्हणून जातो. पण गोडी आधी की यश आधी? या प्रश्नाचा माग काढताना आपल्याला बोळिंजहून फार लांब जावे लागत नाही. याच पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात त्याचा एक धडा घडला आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, ती ‘अंगणवाडी’. पुढे कोसबाडला वारली मुले गुरे चारायला जात, म्हणून शाळा कुरणावर भरू लागली, ती ‘कुरणशाळा’. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आली.

ही केवळ काटकसर होती का? आम्हाला तसे वाटत नाही. बिया आणि पाने या मुलांच्या रोजच्या ओळखीच्या. त्या हाताळताना मूल अडाणी नसते, जाणते असते. अनोळखी वस्तूंसमोर गप्प बसणारे मूल इथे बोलू लागते.

या अनुभवाला प्रयोगाचा आधार पुढे मिळाला. ‘हे मला जमेल’ या विश्वासाचा कामगिरीवर काय परिणाम होतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केली. १९८१ मध्ये त्यांनी व डेल शंक यांनी गणितात कच्च्या आणि गणिताची नावड असलेल्या मुलांना वजाबाकीची ४२ पाने दिली. काहींना सांगितले, ‘रोज सहा पाने करा’. काहींना, ‘सात बैठकींत सगळी संपवा’. तर काहींना कोणतेच उद्दिष्ट दिले नाही. जवळचे उद्दिष्ट असलेल्या मुलांची वजाबाकी सर्वांत जास्त सुधारली. त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि नावडत्या विषयाची गोडीही लागली.

म्हणजे गोडी ही शिकण्याची पूर्वअटच असते असे नाही. पुष्कळदा ती शिकण्याचे फळ असते. नुसत्या ‘शाबास’ने ती येत नाही. मुलाच्या आवाक्यातले, पण खरेखुरे काम त्याच्या हातून पुरे व्हावे लागते. तेव्हा ‘मंद’ हा शिक्का उचलण्यापूर्वी आपण दिलेली पायरी केवढी उंच होती, हे एकदा मोजून पाहावे.