ग्लीझ २२९ : लाल बटू व तपकिरी बटू यांच्या युग्माच्या वातावरणाभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना :
तारा आणि ग्रह यांच्या सीमारेषेवरील पिंडांना ‘तपकिरी बटू’ असे म्हणतात. १९६३ मध्ये शिव कुमार या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की सूर्याच्या वस्तुमानाच्या साधारण ७ ते ९ टक्क्यांपेक्षा कमी वस्तुमान असलेल्या पिंडात हायड्रोजनचे स्थिर ज्वलन होऊ शकत नाही. ‘तपकिरी बटू’ हे नाव १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी सुचविले. मात्र सिद्धांताला निर्विवाद पुरावा मिळण्यास १९९५ साल उजाडावे लागले.

शोधाची पार्श्वभूमी :
एकटा तपकिरी बटू सतत थंड होत जातो. त्यामुळे तो तरुण व हलका आहे की वृद्ध व जड, हे केवळ तेजस्वितेवरून ठरविता येत नाही. तो लाल बटूचा सहचर असल्यास ही अडचण बरीच कमी होते. कारण दोघे एकाच मेघातून जन्मलेले, म्हणून वय व मूळ रासायनिक घटक समान मानता येतात. शशक तारकासमूहातील, सुमारे १९ प्रकाशवर्षे दूर असलेला ग्लीझ २२९ हा असाच लाल बटू होय. ऑक्टोबर १९९४ मध्ये पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीतून त्याच्याजवळ एक अंधूक बिंदू आढळला. या गटात तादाशी नाकाजिमा, बेन ओपेनहायमर व श्रीनिवास कुलकर्णी यांचा समावेश होता. कुलकर्णी यांचा जन्म महाराष्ट्रातील कुरुंदवाडचा. बिंदू पार्श्वभूमीवरील तारा नाही ना, हे पडताळण्यासाठी वर्षभर थांबावे लागले. दोघे आकाशात एकत्र सरकतात, हे सिद्ध झाल्यावरच १९९५ मध्ये शोध जाहीर झाला.

वातावरणाची साक्ष :
सहचराच्या अवरक्त वर्णपटात पाण्याच्या वाफेबरोबर मिथेन आढळला. ताऱ्यांच्या तप्त वातावरणात मिथेन टिकत नाही. गुरूच्या वातावरणात मात्र तो आहे. त्यामुळे हा पिंड तारा नव्हे, हे वातावरणानेच सांगितले. १९९७ मध्ये तेथे अपेक्षेपेक्षा अधिक कार्बन मोनॉक्साइड आढळला. खोल, उष्ण थरांतील वायू वर येतो व मिथेनमध्ये रूपांतर होण्यापूर्वीच वरच्या थरांत पोहोचतो, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

वस्तुमानाचा पेच :
पुढे कक्षीय गतीवरून सहचराचे वस्तुमान गुरूच्या सुमारे ७० पट निघाले. इतका जड पिंड इतका निस्तेज कसा, याचे उत्तर प्रचलित प्रतिकृतींत नव्हते. दोष वेधांचा की सिद्धांताचा, हा प्रश्न उभा राहिला. २०२४ मध्ये चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या निरीक्षणांतून उलगडा झाला : तो एक पिंड नसून, गुरूच्या सुमारे ३८ व ३४ पट वस्तुमानाचे दोन तपकिरी बटू एकमेकांभोवती सुमारे १२ दिवसांत फिरत आहेत. त्यांतील अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या केवळ १६ पट आहे.

निष्कर्ष :
जवळजवळ तीन दशके ज्या वर्णपटाकडे एका वातावरणाचा वर्णपट म्हणून पाहिले गेले, तो प्रत्यक्षात दोन वातावरणांचा संमिश्र प्रकाश होता. म्हणून मिथेनचा शोध खोटा ठरत नाही. परंतु एकच पिंड गृहीत धरून काढलेली त्रिज्या, गुरुत्व व घटकप्रमाणे यांचा फेरविचार आवश्यक ठरतो. विसंगत आकडा नाकारण्याऐवजी त्याचा पाठपुरावा केल्यानेच सिद्धांत बचावला, हेच या इतिहासाचे सार होय.