दोन विमे आणि एक महायुद्ध

परवा शनिवारी चहा घेऊन टॅक्स रिटर्न भरायला बसलो आणि फॉर्म ८९६२ पाशी अडकलो. झालं काय, की गेल्या वर्षी काही महिने हाताला काम नव्हतं, म्हणून ओबामाकेअरच्या मार्केटप्लेसवरून सबसिडीवाला आरोग्य विमा घेतला होता. १ ऑक्टोबरला नोकरी लागली, कंपनीचा विमा सुरू झाला, आणि जुना बंद करायचं मी साफ विसरलो. तीन महिने दोन विमे! आता त्या तीन महिन्यांची सबसिडी परत करा म्हणे.

चिडून शोधायला लागलो, की हा घोळ घातला कोणी? उत्तर थेट दुसऱ्या महायुद्धात निघालं.

१९४२ साली महागाई आवरायला अमेरिकन सरकारने पगारवाढीला लगाम घातला. कारखान्यांना तर माणसं हवी होती. पण विम्यासारख्या सवलती त्या बंधनातून सुटल्या होत्या. मग काय, पगार वाढवता येत नाही तर विमा द्या! १९५४ च्या करकायद्याने त्यावर शिक्का मारला: कंपनीने भरलेल्या हप्त्यावर कामगाराला इन्कम टॅक्स नाही. म्हणजे ही पण सबसिडीच, फक्त डोळ्यांना न दिसणारी. आपण कोडमध्ये 'तात्पुरता' पॅच मारतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो ना, अगदी तसं.

१९६५ साली म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. मधले लोंबकळत राहिले. त्यांच्यासाठी २०१० चा कायदा आणि २०१४ पासून सबसिडी. पण तीही टॅक्स क्रेडिटच्या रूपात: अंदाजे उत्पन्नावर आगाऊ मिळते, खरा हिशोब रिटर्न भरताना. आणि कंपनीचा परवडणारा विमा मिळत असेल, तर तो घेतला नाही तरी त्या महिन्यांची सबसिडी सहसा बंद. एका माणसाला एकच दार.

पूर्वी कमी-मध्यम उत्पन्नवाल्यांना परतफेडीवर मर्यादा होती. २०२५ च्या कायद्याने २०२६ च्या कर-वर्षापासून तीही काढून टाकली. म्हणजे जास्तीची आलेली पै न पै परत.

असो. माझे पैसे गेले, तुमचे वाचवा. नव्या नोकरीचा विमा कधीपासून ते कळलं, की त्याच दिवशी मार्केटप्लेसला कळवा आणि जुना विमा स्वतः बंद करा. या दोन सिस्टिम आपणहून एकमेकींशी बोलतील या भरवशावर राहू नका. मी राहिलो होतो!