ठमी : शेवटचे ३३ तास

शनिवार, रात्री ९
सोसायटीच्या पार्किंगमधून घरी आणलेली दोन महिन्यांची ठमी मासे-भात नुसता हुंगते आणि मागे फिरते. खाईल उद्या, असं सगळ्यांनाच वाटतं. पण फेलाइन पॅनल्युकोपेनियाचा, म्हणजे मांजरांच्या पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला दोन ते दहा दिवस लागतात. म्हणजे तो पार्किंगमध्येच शिरलेला असणार.

रविवार, पहाटे ४
पहिली उलटी. पिवळसर फेस.

सकाळी १०
ताप १०५. मांजराचं अंग एरवीही १०१-१०२ असतंच, पण हा खरा ताप. कुणीतरी पॅरासिटामॉलचा तुकडा द्यायला सुचवतं. नाही, कधीच नाही! मांजरासाठी ते विष आहे.

दुपारी १
ठमी पाण्याच्या वाटीच्या काठावर हनुवटी टेकवून बसली आहे. मिशा पाण्यात भिजतात, जीभ मात्र बाहेर येत नाही. तहान आहे, पण मळमळीने घोट जात नाही. पोटाला हात लावला की कळवळते. पिल्लू असं बसलेलं दिसलं तर संध्याकाळची वाट बघू नका, लगेच रिक्षा करा. रविवार असल्याने उघडा दवाखाना शोधण्यातच चार तास जातात. ठमीकडे वाया घालवायला तेवढे तास नव्हते.

संध्याकाळी ५
कुत्र्यांच्या पार्व्होसाठीची चाचणीपट्टी इथेही चालते, दोन्ही विषाणू एकाच कुळातले. दोन रेघा उमटतात. रक्तात पांढऱ्या पेशी ९००. निदान पाच हजार तरी हव्यात. हा विषाणू झपाट्याने वाढणाऱ्या पेशी गाठतो : आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. अस्तर झडलं की आतड्यातले जंतू रक्तात उतरतात, आणि त्यांना अडवणाऱ्या पेशी तयारच होत नाहीत. सलाइन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, ऊब. पिल्लू तग धरेपर्यंत एवढंच हातात असतं. वेळेत सुरू झालं तर काही पिल्लं वाचतात.

रात्री ११
जुलाबात रक्त.

सोमवार, पहाटे ३
अंग ९७ वर. ताप उतरला म्हणून घरच्यांना हायसं वाटतं, डॉक्टरांचा चेहरा मात्र पडतो. अंग गार पडणं हे तापापेक्षा वाईट.

सकाळी ६
ठमी गेली.

सकाळी ९
माणसांना या विषाणूचा धोका नाही, पण तो घरात वर्षभर टिकतो, चपलांवरून फिरतो. सॅनिटायझर आणि स्पिरिटने तो मरत नाही. आधी साबणाने धुऊन मग एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी. फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. फिनाइल मांजरांना घातक, ते नको.

पार्किंगमध्ये ठमीची भावंडं अजून आहेत. तुमच्याही इमारतीखाली असतील. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून सोळा आठवडे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यावी लागते. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा.