कबरशिलेवरील साल

जुन्या इस्लामी कबरशिलांवरील लेख वाचावयास बसणाऱ्याची पहिली अडचण लिपीची नसून मजकुराच्या मांडणीची असते. आरंभी बिस्मिल्ला, मग मृत्यू कोणाही जिवाला चुकलेला नाही अशा अर्थाचे किंवा ईश्वराच्या सिंहासनाचे वर्णन करणारे कुराणातील वचन, त्यामागून मृताच्या नम्रतेची आणि धर्मनिष्ठेची विशेषणे. आणि हे सारे ऐसपैस, डौलदार अक्षरांत कोरून झाल्यावर जी अरुंद जागा उरे तीत नाव, बापाचे नाव, मूळ गाव आणि साल यांची दाटी. जे सर्वांच्या थडग्यांवर सारखेच, ते पुष्कळदा ठळक राहिलेले असते. आणि ज्याच्यासाठी इतिहासकाराने एवढा प्रवास केला, तेच नेमके मातीला लागून क्षाराने खाल्लेले सापडते. तथापि त्या ठरावीक वचनांना कंटाळणारा मनुष्य चांगला वाचक होत नाही. मजकूर आधीच ठाऊक असल्यामुळे अमुक कारागीर ‘ऐन’ कसा वळवतो, ‘नून’ची शेपटी कोठे तोडतो, हे त्या ओळींतूनच शिकावयाचे असते, आणि मग ती ओळख घेऊन अनोळखी ओळींकडे जावयाचे असते.

खरी पंचाईत नुकत्यांची, म्हणजे अक्षरांच्या वर-खालच्या ठिपक्यांची. कैरोच्या संग्रहालयात हिजरी ३१, म्हणजे इसवी ६५२ मधील अब्द-अर-रहमान इब्न खैर अल-हजरी याची कबरशिला आहे. साल दिलेल्या इस्लामी कबरशिलांत ती सर्वांत जुनी मानली जाते. तिच्यावरील कूफी, म्हणजे जुन्या कोनदार वळणाच्या अरबी लेखात एकही नुक्ता नाही, आणि शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही तर कोरणाऱ्याने तो बेधडक मोडून उरलेला भाग खालच्या ओळीत नेला आहे. पुढील काही शतकांतही शिलालेखांतून नुकते गाळण्याची रीत टिकली. ज्या लिपीत ‘बे’, ‘ते’ आणि ‘से’ यांच्यातील भेद केवळ नुकत्यांवर अवलंबून आहे, त्या लिपीत ही काटकसर वाचकाला किती महाग पडते, याचे उत्तम उदाहरण जावा बेटातील ग्रेसिक बंदराजवळच्या लेरान गावी आहे.

तेथील शिला मैमूनची कन्या फातिमा हिची. लिपी कूफी, आणि साल कोणी ४७५ वाचले, कोणी ४९५. इसवी सनात बोलावयाचे तर १०८२ की ११०२. दोन्ही पंडित अरबीत मुरलेले, आणि दोघांच्याही डोळ्यांना दोष देता येत नाही. ‘सबईन’ म्हणजे सत्तर आणि ‘तिसईन’ म्हणजे नव्वद. पहिल्यात ‘सीन’चे तीन दाते व पाठोपाठ ‘बे’चा एक, दुसऱ्यात आधी ‘ते’चा एक व पाठोपाठ ‘सीन’चे तीन. नुकते काढून टाका, म्हणजे दोन्हींकडे ओळीने चार दाते उभे राहतात आणि पुढचा सारा शब्द तंतोतंत एक होतो. आमच्या पेशवे दफ्तरातील कागद चाळणारास हे आकडे परके नाहीत. शुहूर सनाचे ‘सबा’, ‘तिसा’, ‘सबैन’, ‘तिसैन’ हे त्याच अरबी संख्यांचे मराठी कारकुनाच्या लेखणीतून उतरलेले अवतार होत. परंतु मोडीत ‘स’ आणि ‘त’ यांची गल्लत होण्याचे कारण नव्हते, त्यामुळे हे संकट आमच्या वाट्याला आले नाही. मोडीची संकटे वेगळी, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत.

लेखात वार दिला असेल तर जंत्री साहाय्यास येते. वीस हिजरी वर्षांचे सुमारे ७,०८७ दिवस होतात, आणि त्यांना सातांनी भागल्यास तीन उरतात. म्हणून एकच तारीख सत्तरीऐवजी नव्वदीत धरल्यास वार तिनाने सरकतो. चंद्रदर्शन गावोगाव एखाद्या दिवसाने मागेपुढे होत असल्यामुळे एका दिवसाचा फरक क्षम्य मानावा लागतो, तिनाचा मानता येत नाही. अर्थात वाराचे नाव शाबूत असले तरच हा हिशेब करावयाचा.

हिंदुस्थानातील अरबी-फारसी लेख बहुधा उठावाचे असतात. अक्षर कोरलेले नसते, तर भोवतालची भूमी खणून अक्षर उभे ठेवलेले असते. अशा लेखात नुकता असलाच तर तो शेजारच्या कोणत्याही रेषेचा आधार नसलेला एकटा उंचवटा, आणि म्हणून झिजेचा वा आघाताचा पहिला बळी. शिवाय रिकामी जागा भरण्यासाठी कारागिराने शोभेचे ठिपकेही सोडलेले असतात. ठसा घ्यावयाचा म्हणजे ओला कागद शिलेवर पसरून ताठ केसांच्या कुंचल्याने ठोकीत खोलगटात बसवावा, तो किंचित सुकला की शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवावा. उठाव काळा पडतो, भूमी पांढरी राहते. परंतु नुकता, शोभेचा ठिपका आणि दगडाच्या अंगचा दाणा हे तिन्ही ठशावर सारखेच काळे उमटतात. त्यामुळे ठसा हाती आल्यावरही मूळ दगडाकडे, तेही सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, पुन्हा जावेच लागते.

अक्षरे जेथे थांबतात तेथे कोरीव काम बोलते, ही गोष्ट जे. पी. मोकेत या डच संशोधकाने १९१२ मध्ये दाखवून दिली. ग्रेसिक येथील मलिक इब्राहीम याची हिजरी ८२२ ची, म्हणजे इसवी १४१९ ची शिला, आणि सुमात्रातील पासे येथील काही शिला त्याने गुजरातेतील खंबायतच्या थडग्यांशेजारी ठेवून पाहिल्या. खंबायतेस १३२५ च्या जामी मशिदीलगत उमर अल-काझरूनी याचे थडगे आहे, साल हिजरी ७३४. महंमद तुघलकाच्या अमदानीतील हा मातब्बर इराणी सौदागर, आणि इब्न बतूता ज्या काझरूनी मलिक-उत्-तुज्जाराच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या प्रमुखाच्या, हत्येची हकिकत सांगतो तो हाच, असे मानतात. त्या संगमरवरावरील कमानीत टांगलेला दीप आणि अक्षरांचे पट्टे जावा-सुमात्रातील शिलांवर अशा एकाच धाटणीने उतरले आहेत की त्या शिला खंबायतेत घडवून गलबतांतून तिकडे नेल्या, याविषयी संशयास जागा राहिली नाही. पश्चिमेकडे अरबस्तानच्या जफार किनाऱ्यावरही खंबायतचा असाच संगमरवर पोहोचला होता.

ग्रेसिकची शिला आली ती मृताच्या नावाने घडवून आली, म्हणून ती तेथील व्यक्तीविषयी निश्चित बोलते. लेरानच्या शिलेविषयी तसे म्हणवत नाही. ती दुसऱ्याच कोठल्या किनाऱ्यावरची असून गलबताच्या तळाशी भार म्हणून घातलेल्या धोंड्यांबरोबर जावात उतरली असावी, असाही तर्क झालेला आहे. तरीसुद्धा जावातील इस्लामचा आरंभ अकराव्या शतकात नेणारे लेखक तिलाच पहिला पुरावा म्हणून पुढे करतात, आणि तेही ४७५ हे साल निर्विवाद असल्याच्या थाटात. तेथे निदान दोन्ही पाठ शेजारी शेजारी छापावेत, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.