ऑपरेशनआधी पळायचं की पडून राहायचं?

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या डाव्या गुडघ्यापासून करतो. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलीये. ऑपरेशनला २१ दिवस आहेत. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारा माणूस मी, पण गेली चार वर्षं पहाटे उठून पळतोय. आता प्रश्न असा की हे २१ दिवस करायचं काय?

घरात दोन मतं आहेत. आई म्हणते, "पाय वर घे आणि स्वस्थ पड." आमच्या रनिंग ग्रुपमधला दादा मात्र रोज जोन बेनॉइटचं उदाहरण देतो. गंमत म्हणजे दोन्ही मतांना इतिहास आहे.

आधी आईची बाजू. १८६० ते १८६२ या काळात जॉन हिल्टन नावाच्या लंडनच्या सर्जनने विश्रांती या विषयावर व्याख्यानं दिली. १८६३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि ते पुढे कित्येक वर्षं वाचलं गेलं. सांगणं साधं होतं: दुखऱ्या भागाला विसावा द्या, शरीर स्वतःला दुरुस्त करतं. दुखऱ्या सांध्यापुरतं ते चूक नव्हतंच. घोळ असा झाला की सांध्याची विश्रांती हळूहळू अख्ख्या माणसाची विश्रांती झाली. साध्या ऑपरेशननंतरही पेशंट दोन-दोन आठवडे खाटेवर पडून असायचे.

त्या खाटेची किंमत किती, हे १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला मोजलं गेलं. वीस वर्षांची पाच धडधाकट मुलं. तीन आठवडे पूर्ण अंथरुणात. उठवून तपासलं तर शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपल्या घड्याळात दिसतो तो व्हीओटू मॅक्स, पाव हिश्शाहून जास्त घसरलेला. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांनी केलं होतं! हे वाचलं आणि मी बूट शोधायला लागलो.

आता दादाची बाजू. मार्च १९८४ मध्ये साधारण ३२ किलोमीटरच्या सरावात बेनॉइटचा गुडघा गेला. २५ एप्रिलला दुर्बिणीचं ऑपरेशन. पाय चालेना तेव्हा तिने हाताने सायकलचं पॅडल फिरवून दम टिकवला. १२ मे रोजी, म्हणजे १७ दिवसांनी, तिने अमेरिकेची ऑलिम्पिक निवड शर्यत जिंकली. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांची पहिलीवहिली ऑलिम्पिक मॅरेथॉनही जिंकली. दादा एवढंच सांगतो. मधल्या घाईत तिने मांडीचा मागचा स्नायू दुखावून घेतला होता, हे तो सांगत नाही.

आणि मीही कोणाला न सांगता मागच्या रविवारी १६ किलोमीटर पळून आलो. सोमवारी गुडघा टम्म सुजला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सूज उतरली नाही तर तारीख पुढे ढकलावी लागेल." आईसमोर मान वर करायची सोय राहिली नाही.

मग खरं उत्तर कुठे? ते बऱ्याच अंशी पोटाच्या ऑपरेशनांच्या इतिहासात सापडतं. १९९३ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी १८७ वयस्क पेशंटना मोठ्या ऑपरेशनआधी सायकलवर बसवून दम मोजला. ज्यांचा अ‍ॅनेरोबिक थ्रेशोल्ड किलोमागे मिनिटाला ११ मिलिलिटरच्या खाली होता, त्या ५५ पैकी १० जण दगावले. वरच्या १३२ पैकी फक्त एक. म्हणजे ऑपरेशन हीसुद्धा एक शर्यतच आहे, तयारी लागते.

पण तयारी कशी? २०१० मध्ये माँट्रियलच्या फ्रांको कार्ली यांच्या गटाने दोन पद्धती ताडून पाहिल्या. एका गटाला सायकल आणि वजनं, दुसऱ्याला चालणं आणि श्वासाचे व्यायाम. जड व्यायामवाले पुढे जातील असं वाटलं होतं, झालं उलटंच! तो जड कार्यक्रम पूर्ण पाळणारेच फार थोडे निघाले. २०१४ च्या त्यांच्या प्रयोगात बेताचा व्यायाम, प्रथिनं आणि भीती कमी करणं असं तिन्ही मिळून ऑपरेशनच्या सुमारे चार आठवडे आधी सुरू केलं. आठ आठवड्यांनी ८४ टक्के लोक चालण्यात पूर्वपदावर आले होते. हेच सगळं ऑपरेशननंतर सुरू केलेल्यांत ६२ टक्के.

माझा गुडघा म्हणजे आतड्याचं ऑपरेशन नव्हे, मान्य. पण हिशोब कळला. सांध्याला विश्रांती, बाकी शरीराला काम. आई आणि दादा, दोघंही अर्धे बरोबर. आता फिजिओने आखून दिलेलं तेवढंच करतोय: मांडीचे व्यायाम, पाय न मारता पोहणं आणि सूज नसेल त्या दिवशी हलकी सायकल. घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलंय. किल्ली आईकडे!

भेटू पुढच्या भागात. तेव्हा बहुतेक कुबड्या असतील सोबत.