टपालाने आलेली पदवी: दूरशिक्षणातले क्रेडिट कुठे चालतात, कुठे नाही?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. 'घरबसल्या कोर्स केला, पैसे भरले, परीक्षा दिली, मार्कशीटही आली. आता एम.ए. किंवा एम.बी.ए.ला हे क्रेडिट धरतील का?' याचं खरं उत्तर इतिहासात सापडतं, म्हणून आज तोच इतिहास.

सुरुवात लंडनपासून. १८५८ साली लंडन विद्यापीठाने ठरवलं की विद्यार्थी कुठेही शिकलेला असो, आमची परीक्षा पास झाला तर त्याला आमची पदवी. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५७ मध्ये, आपलं मुंबई विद्यापीठ स्थापन झालं होतं, तेही लंडनच्याच नमुन्यावर. म्हणजे शिकवणार कॉलेजं आणि विद्यापीठ घेणार परीक्षा. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही कुठे बसून शिकलात हा मुद्दा तेव्हाही नव्हता. तुमच्या कागदावर सही कोणाची आणि ती सही करायचा अधिकार त्याला कोणी दिला, हा मुद्दा होता.

स्वतंत्र भारतात हा अधिकार १९५६ च्या यूजीसी कायद्याने बांधून टाकला. कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, यांनाच पदवी देता येते. बाकी कोणी छापली तर तो नुसता जाड कागद!

१९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. टपालाने धडे यायचे आणि उत्तरं टपालानेच जायची. १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ मध्ये इग्नू आलं आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. शाळा अर्धवट सुटलेला कामगार, लग्नानंतर शिक्षण थांबलेली बाई, रात्रपाळी करणारा पोलीस, अशा लोकांसाठी हे दार उघडलं. बारावी नाही? तेव्हा हरकत नसायची, आधी पूर्वतयारीचा कोर्स करून मग पदवीला येता यायचं.

पण दार उघडं असलं तरी जिन्याच्या पायऱ्या गाळता येत नाहीत. हे देशाला कळलं ते २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात, अण्णामलाई विद्यापीठाच्या खटल्यात. एका उमेदवाराकडे मुक्त पद्धतीने मिळवलेली एम.ए. होती, पण खालची पहिली पदवीच नव्हती. यूजीसीच्या १९८५ च्या नियमांनुसार आधी तीन वर्षांची पदवी हवी. न्यायालय म्हणालं, हे नियम मुक्त विद्यापीठांनाही लागू आहेत. वरची पदवी हातात असूनही उपयोग झाला नाही.

मधल्या काळात बाजार तेजीत होता. २००२ मध्ये छत्तीसगडने खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि बघता बघता शंभरावर विद्यापीठं कागदावर उभी राहिली. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल न्यायालयात गेले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची संबंधित कलमंच रद्द केली आणि ती विद्यापीठं एका निकालात संपली. तिथे शिकणाऱ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून संस्था राज्यातल्या सरकारी विद्यापीठांना जोडून घ्याव्यात, असंही न्यायालयाने सांगितलं.

सगळ्यांचं नशीब इतकं बरं नव्हतं. ३ नोव्हेंबर २०१७ चा निकाल आठवतो? चार अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईची परवानगी न घेता दूरशिक्षणातून इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या. त्यांना सांगितलं गेलं की परीक्षा द्या, पास झालात तर पदवी परत मिळेल. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या थेट रद्द. विचार करा, दहा-बारा वर्षं नोकरी झालेली, बढती मिळालेली, घरावर कर्ज काढलेलं, आणि आता पुन्हा परीक्षेला बसायचं! परवानगी न घेण्याची चूक संस्थेची होती. भुर्दंड मात्र विद्यार्थ्याने भरला. फी परत करायचा आदेश होता, हे खरं. पण फी परत मिळते, वर्षं मिळत नाहीत.

आता आजचं चित्र. दूरशिक्षणावर आधी इग्नूमधली दूरशिक्षण परिषद लक्ष ठेवायची. २०१३ मध्ये ते काम यूजीसीकडे गेलं आणि तिथे दूरशिक्षण ब्युरो आला. २०२० च्या नियमांनुसार मान्यता असलेली मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. म्हणजे 'दूरशिक्षण म्हणजे दुय्यम' हे म्हणणं कायद्याने मोडीत निघालंय. २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. बँकेत पैसे ठेवावेत तसे क्रेडिट जमा करायचे, जास्तीत जास्त सात वर्षं, आणि दुसऱ्या संस्थेत वापरायचे. त्यातही पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात.

पण या बँकेत खोटी नोट चालत नाही. मान्यता नसलेल्या संस्थेचे क्रेडिट तिथे जमाच होत नाहीत, मग पुढे नेणार काय?

म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या यादीत संस्थेचं नाव आहे का. दोन, नेमका तुमचाच कोर्स आहे का, कारण संस्थेला मान्यता म्हणजे तिच्या प्रत्येक कोर्सला मान्यता नव्हे. तीन, तुम्ही प्रवेश घेताय त्याच वर्षासाठी ती मान्यता आहे का. आणि पुढे जिथे शिकायचंय, त्या विद्यापीठाला आधीच लेखी विचारा. एजंट फोनवर म्हणाला 'सगळं होतं हो', तर त्याच्याकडूनही ते लिहून मागा. बहुतेक वेळा फोन तिथेच कट होतो, आणि तुमचे पैसे वाचतात.

शिकून झालेलं कोणी काढून घेत नाही, ते ज्ञान तुमचंच. पण पुढच्या वर्गाच्या खिडकीवर ज्ञान नाही, कागद तपासतात. तेव्हा कागद आधी तपासा. हा भाग अशा एखाद्या मित्राला पाठवा ज्याचा फॉर्म भरायचा राहिलाय.