‘निरीक्षक’ : एका पारिभाषिक शब्दाची फसगत

१/८
‘आपण पाहिले की वास्तव बदलते’ हे विधान आज क्वांटम भौतिकीच्या नावावर सर्रास खपवले जाते. या गैरसमजाचे मूळ प्रयोगांपेक्षा अधिक एका शब्दात आहे : निरीक्षक.

२/८
जुलै १९२३, म्युनिक. डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत विल्हेल्म वीन यांनी वेर्नर हायझेनबर्गला सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता, म्हणजे अगदी जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता, विचारली. त्याला उत्तर देता आले नाही. तो जेमतेम उत्तीर्ण झाला.

३/८
१९२७, कोपनहेगन. पंचविशीतल्या हायझेनबर्गने अनिश्चिततेचा सिद्धान्त मांडला आणि उदाहरण घेतले तेही सूक्ष्मदर्शकाचेच. इलेक्ट्रॉन पाहण्यासाठी गॅमा किरण टाकावा, तर त्याच्या धक्क्याने इलेक्ट्रॉनचा संवेग बदलतो.

४/८
नील्स बोर यांनी चूक दाखवली. केवळ धक्का पुरेसा नाही. तो मोजता आला असता, तर हिशेबातून वजाही करता आला असता. परंतु किरण भिंगात नेमका कोणत्या कोनातून शिरला हे कळत नाही. अर्थात, पुन्हा विभेदनक्षमताच! वाद इतका विकोपाला गेला की आपल्याला रडू कोसळले, असे हायझेनबर्गने पुढे एका मुलाखतीत सांगितले. अखेर त्याने लेखाला पुरवणी जोडून चूक मान्य केली.

५/८
पण ‘पाहिल्याने धक्का बसतो’ हे चित्र लोकांच्या मनात घर करून राहिले. ‘निरीक्षक’ म्हटले की डोळे आणि मन असलेला माणूसच समोर येतो. प्रयोगशाळेच्या बोलीत मात्र निरीक्षण म्हणजे कणाच्या स्थितीची खूण मागे ठेवणारी कोणतीही आंतरक्रिया. स्वतः हायझेनबर्गने १९५८च्या ग्रंथात स्पष्ट केले की निरीक्षक उपकरण असो वा मनुष्य, फरक पडत नाही.

६/८
१९९८ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील ‘निरीक्षक’ होता एक अतिशय लहान इलेक्ट्रॉनिक शोधक. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला हे ओळखण्याची त्याची क्षमता वाढवताच व्यतिकरण क्षीण झाले. त्याच वर्षी जर्मनीतील कॉन्स्टान्झ येथे अणूंच्या अंतर्गत अवस्थेत वाटेची माहिती नोंदवली गेली. धक्का नगण्य होता, तरीही व्यतिकरणाचे पट्टे नाहीसे झाले. निर्णायक ठरली ती नोंद. नजरही नव्हे, धक्काही नव्हे.

७/८
दोष केवळ वाचकांचा नाही. १९६१ साली युजीन विग्नर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेही जाणिवेला या प्रक्रियेत स्थान दिले होते. पुढे त्यांचे मत बदलले. १९९० साली जॉन बेल यांनी तर ‘मापन’ या शब्दावरच हल्ला चढवला : रोजच्या भाषेतून उसना घेतलेला शब्द आपला जुना अर्थही सोबत घेऊन येतो.

८/८
मापनाच्या वेळी नेमके काय घडते, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. परंतु ‘इच्छा करा, विश्व बदलेल’ असे सांगणाऱ्यांना त्या अनुत्तरित प्रश्नाचा आधार घेता येत नाही. विज्ञानाचा इतिहास वाचताना सिद्धान्ताइतकेच त्याच्या शब्दांचे चरित्रही तपासावे, ते यासाठीच.